एका मेलेल्या कावळ्याच्या शोधात

राजपुऱ्यातले एक रिटायर गुरुजी आपला पोपट घेऊन आमच्या दवाखान्यात यायचे. पोपट ठणठणीत असायचा. गुरुजींना बोलायला माणूस लागायचं, म्हणून ते यायचे. पोपट पाळायला बंदी आहे हे मी त्यांना दर खेपेला सांगायची आणि ते दर खेपेला म्हणायचे, "मी कुठे पाळलाय? तोच राहतो माझ्याकडे." तर या गुरुजींनी एकदा बाकावर बसल्या बसल्या मला विचारलं, की सुमनबाई, गावात पाखरं केवढी. कावळे काय, चिमण्या काय, पारव्यांना तर हिशोबच नाही. रोज किती मरत असतील. मग मेलेलं पाखरू दिसत का नाही? मी तोंड उघडायच्या आत उत्तरही त्यांनीच दिलं. म्हणे मरण जवळ आलं की पाखरं असीरगडच्या जंगलात निघून जातात.

मला हसू आलं, पण दाबलं. कारण दवाखान्यात लागले तेव्हा मीही असंच काहीतरी धरून चालायची. माझी आई सांगायची की पाखराला देव वरच्या वर उचलतो, खाली पडू देत नाही.

आमचा दवाखाना म्हणजे जनावरांचा, बुरहानपुरातला. माझं शिक्षण चौथी. नवरा तिथे शिपाई होता, तो गेल्यावर त्याच्या जागी मला घेतलं. कागदावर मी 'भृत्य'. काम काय, तर फरशी धुवायची, सुया उकळायच्या, म्हशीचं तोंड धरायचं, बकरीचे पाय धरायचे, आणि रक्त बघून मालकच चक्कर येऊन पडला तर त्याला धरायचं. हे शेवटचं काम लोकांना वाटतं त्यापेक्षा फार जास्त पडतं. इंग्रजी अक्षरं मी औषधाच्या बाटल्यांवरून शिकले. मग डॉक्टरांच्या कपाटात पाखरांची चित्रं असलेलं एक पुस्तक होतं, ते दुपारच्या वेळी मांडीवर घेऊन बसायची. शिकवलं कोणी नाही, पण अडवलंही कोणी नाही.

तर गुरुजींना मी जे सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

पहिलं म्हणजे पाखरं बहुतेक करून लहानपणीच मरतात. घरट्यातून पडलेलं पिल्लू, अजून पंख न फुटलेलं, केवढं असतं? बोराएवढं. मांजर येईपर्यंतसुद्धा ते टिकत नाही, मुंग्याच त्याचा निकाल लावतात. जी मोठी होतात त्यातली कितीतरी जिवंतपणीच कोणाच्या तरी तोंडी जातात. शिक्रा आहे, मांजर आहे, घुबड आहे. खाल्लेल्या पाखराचं प्रेत कुठून दिसणार? आता उरली आजारी आणि म्हातारी. पाखराला बरं नसलं की ते उघड्यावर बसत नाही. कण्हत नाही, कोणाला सांगत नाही. आपण कसं, जरा अंग तापलं की चार घरी कळवतो. पाखरू गप्प दाट झुडपात शिरतं, वळचणीला, पोकळ खोडात, पिसं फुगवून बसतं आणि तिथेच जातं. तिथे आपण कधी वाकून बघतो का?

आणि समजा पडलंच एखादं उघड्यावर. चिमणीचं वजन एका लहान लिंबाएवढं. दवाखान्याच्या मागे मी एकदा मुद्दाम एक मेलेला होला कुंपणापाशी ठेवून बघितला. संध्याकाळी ठेवला, सकाळी मूठभर पिसं. दुपारी वारा सुटला, पिसंही गेली. मुंगूस, मांजर, कुत्रं, घार, कावळा, माशा, मुंग्या, एवढे सगळे कामाला लागलेले असतात आणि त्यांना रविवारची सुट्टी नसते. शिवाय गावात झाडूवाल्या बाया आहेत, पहाटेच झाडून मोकळ्या होतात. देव उचलतो असं आई म्हणायची त्यात फार चूक नव्हती. त्याने माणसं नेमलेली आहेत एवढंच.

आमच्याकडे जिवंत पाखरं यायची त्यांचे एकेक नमुने. लोधीपुऱ्यातले एक मिठाईवाले शेठ पंख्याला लागलेला पारवा पेढ्याच्या खोक्यात घालून घेऊन आले आणि एक्स-रे काढा म्हणाले. पारव्याची मान नुसती लचकली होती, पण शेठ ऐकेनात. शेवटी मी त्यांना म्हटलं, तुमच्या खोक्याला तूप लागलंय, त्याचे पंख चिकटलेत, आधी ते धुवू या. धुवून उन्हात ठेवला तर पारवा भुर्रकन गेला, जाताना शेठच्या टोपीवर पावती देऊन गेला. दुसऱ्या एका वेळी दोन जण पोत्यात घुबडाचं पिल्लू घेऊन आले आणि फाटकाबाहेर रस्त्यातच उभे. आत यायला तयार नाहीत, पोतं खाली ठेवायला तयार नाहीत. दोघंही म्हणत, तू धर, तू धर. मी जाऊन पिल्लू काढून पदरात घेतलं तेव्हा ते माझ्याकडे असे बघायला लागले की आता मीच घुबड.

संक्रांतीला मांजाने कापलेल्या घारी यायच्या. काही वाचायच्या, काही नाही. ज्या जायच्या त्यांना मागच्या खड्ड्यात चुना टाकून गाडायचं हे माझं काम. आणि मी ते चोख करायची. जीव गेला की लगेच गाडायचं, हात धुवायचे, जागा फिनाईलने पुसायची. त्या चोखपणाचा मला अभिमान होता. आता त्याच अभिमानाने माझी कशी फजिती केली ते ऐका.

काही वर्षांपूर्वी हिवाळ्यात कावळे मरत असल्याच्या बातम्या यायला लागल्या. बर्ड फ्लू. लोकांनी अंडी खायची सोडली, चिमणी अंगणात बसली तरी दार लावून घ्यायला लागले. त्याच दिवसांत दापोऱ्याचे रामदासभाऊ पाटील मोटारसायकलवर खताच्या थैलीत एक मेलेला कावळा घेऊन आले. केळीवाले मोठे शेतकरी, आवाजही मोठा. म्हणाले, हा कमलाच्या कुंपणाशी सापडला. तिच्या कोंबड्यांपासूनच लागलंय हे. डॉक्टर मॅडमना सांगा, तिच्या कोंबड्या उचला.

ही कमला म्हणजे कमलाआक्का. पाटलांच्या केळीला लागूनच तिचं घर आणि हाताएवढं आवार. एकटी बाई, माझ्यापेक्षा पाच-सहा वर्षांनी मोठी. वीस-बावीस गावरान कोंबड्या, त्यांच्यावर तिचं घर चाले. कोंबड्यांना तिने आपल्या जावा-नणंदांची नावं ठेवलेली, म्हणजे सकाळ-संध्याकाळ मनसोक्त रागावता येतं. आठवड्याला अंडी घेऊन बुरहानपूरला यायची तेव्हा दवाखान्यात पाणी प्यायला थांबायची, म्हणून आमची ओळख.

डॉक्टर मॅडम त्या दिवशी लांबच्या गावी शिबिराला गेलेल्या. पाटील थैली टेकवून निघून गेले. आणि मी काय केलं असेल? हातमोजे घातले, मागे खड्डा केला, कावळा ठेवला, वर चुना, वर माती. हात दोनदा धुतले. मनात म्हटलं, सुमन, तुझ्यासारखी बाई या दवाखान्याला परत मिळायची नाही.

मॅडम संध्याकाळी आल्या. तरुण पोरगी, इंदूरची, मराठी समजायची पण बोलायची हिंदी. त्यांनी विचारलं, "सुमनबाई, कौआ कहाँ है?"

"गाडला मॅडम. चुना टाकून."

मॅडम खुर्चीत बसल्या. मग मला समजावून सांगितलं. रोग आहे की नाही हे तो कावळा भोपाळच्या लॅबला गेला असता तर कळलं असतं. चुन्यात घातलेला काही कामाचा नाही. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं, पण त्या रागावल्या नाहीत.

इकडे दापोऱ्यात वेगळंच शिजलं. दवाखान्याने कावळा घाईघाईने पुरला म्हणजे नक्कीच काहीतरी लपवायचंय, असं पाटलांनी चार ठिकाणी सांगितलं. गावात बैठक झाली. ठरलं की शनिवारपर्यंत रोग नसल्याचा कागद आला नाही तर गावच्या भल्यासाठी कमलाच्या कोंबड्या मारून पुरायच्या. मॅडमनी फोनवर सांगितलं की असं करता येत नाही, तपासणीशिवाय कोणाच्या कोंबडीला हात लावायचा नाही. पण घाबरलेल्या गावाला कायदा किती दिवस धरून ठेवणार? मॅडम मला म्हणाल्या, एक कावळा पाहिजे. ताजा, अख्खा. सोमवार उजाडला होता आणि भोपाळहून उत्तर यायला दोन-तीन दिवस लागणार होते.

म्हणजे बघा. पाखरं मरतात ती दिसत नाहीत, हे सगळ्या गावाला समजावून सांगणारी मी, आणि आता मलाच एक मेलेलं पाखरू शोधून आणायचं होतं. हातात आलेलं मी स्वतःच घालवलं होतं.

मी टेम्पोने दापोऱ्याला गेले. कमलाआक्काने कोंबड्या घरात टोपल्यांखाली झाकून ठेवलेल्या. मला बघून पाणी दिलं, पण नेहमीसारखी बोलली नाही. मला वाटलं, माझ्यावर चिडली असेल, आणि चिडायचा तिला हक्क होता. मी शोधायला लागले.

मेलेलं पाखरू शोधायचं तर वर बघायचं नसतं, खाली बघायचं. मुंग्यांची रांग कुठे जाते ते बघायचं. माशांचा आवाज ऐकायचा. कुंपणाच्या बुडाशी, पाटाच्या कडेला, केळीच्या वाळक्या पानांखाली काठीने सारून बघायचं. दिवसभर वाकून वाकून कंबरेचा पार काटा ढिला झाला. मिळालं काय? कावळ्याचा एक पंख, तोही वाळलेला. मुंगसाने काहीतरी ओढून नेल्याची खूण. एका बगळ्याच्या पिसांचा ढीग. आणि कोणाचा तरी हरवलेला विळा, तो मी पाटलांच्या गड्याला दिला.

मंगळवारी सकाळी परत गेले. पोचते तर कमलाआक्काच्या आवाराच्या वर कावळ्यांचा नुसता कालवा. कडुलिंबावर पंचवीस-तीस तरी असतील, उडायचे, बसायचे, परत ओरडायचे. कावळ्यांचं एक आहे. त्यांच्यातलं कोणी मेलेलं दिसलं की ते गोळा होतात आणि गाव डोक्यावर घेतात. आपल्यासारखंच. आणि ज्या जागेकडे तोंड करून ओरडतात तिथेच ते असतं. मी त्यांच्या चोचींच्या रोखाने बघितलं. सगळे बघत होते आक्काच्या उकिरड्याकडे.

उकिरड्यावर ताजी राख टाकलेली होती.

मी आक्काकडे बघितलं. ती दारात उभी होती, हातात फावडं.

मी विचारलं, "आक्का, किती पुरले?"

तिने फावडं जमिनीवर टेकवलं. मग म्हणाली, "चार. आजचा धरून पाच. रोज उजाडायच्या आधी उठते. सडा टाकायच्या आधी आवार बघून घेते. सापडला की मीठ टाकून पुरते."

मला सांगता येत नाही मला काय वाटलं ते. मी तिच्या कोंबड्या वाचवायला कावळा शोधत गावभर फिरत होते, आणि ती त्याच कोंबड्या वाचवायला कावळे गाडत होती. दोघी बायांनी मिळून पुरावा असा साफ केला की मुंगसालाही जमलं नसतं.

मी तिला म्हटलं की आजचा काढू दे, तो अजून चांगला असेल.

ती म्हणाली, "आणि त्याच्यात निघालं तर? मंग त्या कोंबड्या मी माह्या हाताने दिल्या असं होईल. सुमन, तू सांग मले. नाही काढला तर काय होईल?"

"नाही काढला तर शनिवारी येतील."

"आणि काढला तर?"

"काढला तर मला माहीत नाही, आक्का."

मी खोटं बोलू शकले असते. काही नाही निघणार, काळजी करू नको, असं दवाखान्यात मी रोज दहा जणांना म्हणायची. त्या दिवशी नाही म्हटलं. एवढं एक मी नीट केलं असं मला अजून वाटतं.

ती घरात गेली. टोपल्या उचलून बघितल्या. आतून रागवण्याचा आवाज आला, कोणत्या तरी नणंदेला बहुतेक. बाहेर आली, फावडं माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "तूच काढ. माह्यानं नाही होणार."

मी मॅडमना फोन केला. त्यांनी मला सांगितलं, हात लावू नका, मी येते. त्या आल्या त्या पांढरा अंगभर सूट, चष्मा, मोजे घालून. दापोऱ्याच्या बाया बांधावर जमल्या आणि म्हणायला लागल्या, चंद्रावर चालली का काय ही. राखेत कावळा अख्खा होता. दोन पिशव्यांत घातला, बर्फाच्या थर्माकोलच्या पेटीत ठेवला आणि माणूस भोपाळला गेला.

मग तीन दिवस. त्यातल्या दुसऱ्या दिवशी कमलाआक्का स्वतः टेम्पोने दवाखान्यात आली, झाकणाच्या बादलीत आणखी एक कावळा घेऊन. टेम्पोवाल्याला म्हणे दही आहे म्हणून सांगितलं. मला म्हणाली, आता लपवायचं नाही ठरवलं तर नाही. मॅडमनी तो बर्फात ठेवून दिला.

शुक्रवारी दुपारी कागद आला. बर्ड फ्लू नाही.

मॅडमनी मग बादलीतला कावळा उघडला. पोटात पिठाचा गोळा आणि लसणासारखा वास. हा वास मी ओळखते. लसूण खाऊन कावळा येत नाही, तो उंदरांच्या औषधाचा वास. उंदीर-खारी केळीतल्या ठिबकच्या नळ्या कुरतडतात, म्हणून काही शेतकरी पिठात औषध घालून गोळ्या करतात आणि नळ्यांच्या कडेने ठेवतात. आक्काच्या आवाराला लागून केळी कोणाची हे मी वर सांगितलंच आहे. आक्काने भीतीने कोंबड्या टोपल्यांखाली कोंडल्या नसत्या, तर आधी त्याच गेल्या असत्या. काय म्हणावं सांगा.

हे सगळं झाल्यावर माझ्या मनात एक गोष्ट राहून गेली. एवढी वर्षं एवढी पाखरं मी त्या खड्ड्यात घातली, चुना टाकला, हात धुतले. एकही पाखरू कशाने मेलं हे कधी विचारलं नाही. स्वच्छतेचं मला भारी कौतुक होतं. त्यानंतर रिटायर होईपर्यंत मी वहीत लिहून ठेवायला लागले, कुठे सापडलं, कसं होतं, पोट फुगलेलं की नाही. मॅडम बदलून गेल्या तेव्हा ती वही मागून घेऊन गेल्या.

शनिवारी सकाळी मी तो कागद घेऊन दापोऱ्याला गेले. आक्का आवारात पालथ्या टोपलीवर बसली होती. कोंबड्या बाहेर सोडल्या नव्हत्या, त्या आतून कलकल करत होत्या. मी तिला सांगितलं की काही निघालं नाही. तिने मान हलवली आणि म्हणाली, "असं नाही. कागद वाच."

"इंग्रजीत आहे आक्का."

"तुले येते ना? वाच. आणि जोरात वाच."

कुंपणापलीकडे रामदासभाऊ आपल्या केळीत नळ्या बघत उभे होते, हे तेव्हा मला दिसलं. मी पदर खोचला आणि वाचायला लागले. नमुना, तारीख, गाव, कावळा, सगळं. औषधाच्या बाटल्यांवरून शिकलेलं इंग्रजी मी एवढ्या मोठ्याने आयुष्यात कधी वाचलं नव्हतं. जो शब्द अडला तो मी अजून जोरात म्हटला. शेवटची ओळ आधी इंग्रजीत, मग मराठीत. त्यानंतर दुसऱ्या कावळ्याच्या पोटातलं मॅडमनी लिहिलं होतं, तेही वाचलं, पिठाचा गोळा आणि वास.

पलीकडे रामदासभाऊंनी हातातली नळी खाली ठेवली. मग कुंपणापाशी आले.

"आक्का, उंदरांसाठी ठेवल्या होत्या."

"ते कळलं," आक्का म्हणाली. "कोंबड्या मले सोडायच्या आहेत. आठवडाभर कोंडल्या."

मी पिशवीतून मॅडमनी दिलेले हातमोजे काढून कुंपणावरून त्यांना दिले, आणि एक जाड पिशवी. एवढा मोठा माणूस, वाकून वाकून केळीच्या ओळीतून गोळ्या वेचायला लागला. आक्का टोपलीवरून हलली नाही. इतकी वर्षं शेजारी राहून तिला कोणती नळी कुठे जाते ते सगळं पाठ होतं.

"तिथं नाही रे रामदास," ती म्हणत होती, "त्या खालच्या वाफ्याला बघ. हां. त्याच्या मागे अजून एक नळी आहे. वाक जरा."